पडद्यावरचे मासे आणि पाण्यांतले मासे

उन्हाळ्याचे दिवस आहेत. तळ्याचें पाणी स्वच्छ आहे. कांठावर मंडळी हास्यविनोदांत गुंतली आहे आणि एक मुलगी पोहत पोहत कांठापासून बरीच दूर गेली आहे. तिच्या पायांखालीं काय आहे, हें तिला ठाऊक नाहीं. परंतु काळोख्या चित्रगृहांत बसलेल्या प्रेक्षकाला तें पक्कें ठाऊक आहे. किंबहुना तिकिटाचे पैसे त्यानें तेवढ्याचसाठीं मोजले आहेत. नरभक्षक माशांच्या चित्रपटांची जी एक जात अमेरिकेंत १९७५ नंतर बोकाळली, तिचा सारा व्यवहार या एका प्रसंगावर चालत आला आहे.

अशा चित्रपटांचें नांव निघालें कीं सुशिक्षित माणसानें नाक मुरडावें, असा शिरस्ता आहे. रबरी मासे, लाल रंग कालवलेलें पाणी आणि किंकाळ्या यांत पाहण्याजोगें तें काय असणार? आक्षेप खोटा नाहीं. परंतु जी वस्तु लोक पुनः पुनः पैसे देऊन विकत घेतात, तिच्यांत त्यांच्या मनाचें कांहीं तरी प्रतिबिंब असतें. शिवाय या खेळांतला एक पक्ष मुका आहे. पडद्यावर माशाची जी बदनामी होते तिचा प्रतिवाद मासा करूं शकत नाहीं, आणि त्या बदनामीची किंमत मात्र त्याला खऱ्या पाण्यांत मोजावी लागते. म्हणून या विषयाकडे थोडें गंभीरपणें पाहणें अस्थानीं ठरूं नये.

या कुळाचा मूळ पुरुष मात्र दरिद्री नव्हता. पीटर बेंचली या लेखकाची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९७५ च्या जून महिन्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग या तरुण दिग्दर्शकानें तिच्यावरून केलेला चित्रपट पडद्यावर आला. त्यासाठीं एक भला मोठा यांत्रिक शार्क तयार करण्यांत आला होता. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत तें यंत्र वारंवार बंद पडे. मासा चालेना, तेव्हां दिग्दर्शकानें मासा दाखविण्याचेंच टाळलें. पाण्याचा हलणारा पृष्ठभाग, ओढलें जाणारें एखादें पिंप आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतांतले ते दोन स्वर एवढ्यावर त्यानें भागविलें. निम्म्याहून अधिक चित्रपट संपेपर्यंत शार्क प्रेक्षकाला धड दिसतच नाहीं. जें दिसत नाहीं त्याचेंच भय अधिक, हें भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेलें तत्त्व एका नादुरुस्त यंत्रानें पुनः सिद्ध केलें. उत्पन्नाच्या बाबतींत या चित्रपटानें तोंवरच्या सर्व चित्रपटांना मागें टाकलें.

मग नकलांचें पीक आलें. १९७७ सालीं ‘टेंटॅकल्स’मध्यें अष्टपाद माणसें ओढूं लागला, १९७८ सालीं ‘बॅराकुडा’ आला, १९७९ सालीं ‘किलर फिश’. १९८१ च्या एका इटालियन चित्रपटांत तर ‘जॉज’शीं इतकें साम्य होतें कीं, मूळ चित्रपटाच्या कंपनीनें न्यायालयांत जाऊन त्याचें अमेरिकेंतील प्रदर्शन बंद पाडलें. या साऱ्या गर्दींत एकच नक्कल अशी निघाली कीं जिला स्वतःचें डोकें होतें. ती म्हणजे १९७८ चा ‘पिरान्हा’.

त्याच्यामागें रॉजर कॉर्मन हा निर्माता होता. १९२६ सालीं जन्मलेला आणि २०२४ सालीं वारलेला हा गृहस्थ काटकसरीचा आचार्यच म्हणावा लागेल. १९५४ सालचा त्याचा पहिला जलराक्षसपट सुमारें बारा हजार डॉलरांत झाला, असें तो सांगे. १९६० सालच्या एका चित्रपटाचें मुख्य चित्रीकरण तर त्यानें दोन दिवसांत उरकलें. शंभर चित्रपट केले आणि त्यांत एक पैही गमावली नाहीं, अशा अर्थाचें नांव त्यानें आपल्या आत्मचरित्राला दिलें. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. परंतु ठरलेलें भय आणि ठरलेली करमणूक प्रेक्षकाच्या पदरांत पडली, कीं उरलेल्या जागेंत दिग्दर्शकानें हवें तें करावें, अशी त्याची रीत होती. या रीतीमुळें त्याच्या पदरीं होतकरू मंडळी येत गेली. कोपोला आणि स्कोर्सेसी यांच्यासारख्या दिग्दर्शकांनीं उमेदवारीचे दिवस त्याच्याच छत्राखालीं काढले.

‘पिरान्हा’चें दिग्दर्शन त्यानें जो डान्टी या तरुणाकडे सोंपविलें आणि पटकथा जॉन सेल्स या कथालेखकाकडे. सारा खर्च दहा लाख डॉलरांच्याही आंत होता. ‘जॉज’ला त्याच्या कित्येक पट लागला होता. यांत्रिक राक्षस करण्याची ऐपत नव्हती, म्हणून काठीच्या टोंकाला रबरी मासे बसवून ते पाण्यांत नाचविण्यांत आले. मासा क्षणभरच दिसावा, फेंस उसळावा, पाणी तांबडें व्हावें आणि बाकीचें काम प्रेक्षकाच्या कल्पनेनें करावें, अशी ही योजना. गंमत अशी कीं, चित्रपटाची नायिका आरंभींच एका यंत्रावर शार्कचा खेळ खेळतांना दाखविली आहे. आपण नक्कल करीत आहोंत, हें चित्रपटानें पहिल्याच घांसाला हंसून कबूल करून टाकलें.

पण खरें मर्म कथेंत आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळांत शत्रूच्या नद्या निकामी करण्यासाठीं अमेरिकन लष्करानें एका गुप्त प्रयोगशाळेंत चिवट, थंड पाण्यांतही तगणारे पिरान्हा पैदा केले. युद्ध संपलें, प्रयोग गुंडाळला गेला. मासे मात्र उरले. हरवलेल्या मुलांचा शोध घेतांना नायक-नायिका न कळत कुंडाचें पाणी सोडतात आणि मासे नदींत उतरतात. प्रवाहाच्या खालच्या अंगाला मुलांचें उन्हाळी शिबिर आहे आणि त्याच्याही पुढें नव्यानें उघडावयाचें एक विहारस्थान. लष्करी अधिकारी वार्ता दाबूं पाहतात. विहारस्थानाचा मालक उद्‍घाटन पुढें ढकलण्यास तयार नाहीं. परिणाम व्हावयाचा तोच होतो. अखेरीस मासे मारण्यासाठीं नायकाला जुन्या कारखान्याचें विषारी सांडपाणी नदींत सोडावें लागतें. माणसानें केलेलें एक विष उतरविण्यास माणसानें केलेलें दुसरें विष! आतां भिण्याचें कारण उरलें नाहीं, असें सरकारी शास्त्रज्ञबाई सांगत असतांनाच समुद्रकिनाऱ्यावर त्या माशांचा ओळखीचा आवाज ऐकूं येतो आणि पडदा पडतो.

तेव्हां या कथेंत दुष्ट कोण? मासे तर भुकेप्रमाणें वागतात. दुष्टपणा आहे तो धोका माहीत असून तो झांकणाऱ्यांचा. ‘जॉज’मध्येंही ऐन हंगामांत गिऱ्हाईक जाऊं नये म्हणून किनारा उघडा ठेवणारा नगराध्यक्ष आहेच. लाल रंगाच्या पाण्याखालीं या स्वस्त चित्रपटांनीं एक महाग सत्य दडवून ठेवलें आहे: संकट पाण्यांतून येतें खरें, पण त्याला दार उघडून देणारा बहुधा कांठावरच्या कचेरींत बसलेला असतो.

‘जॉज’ची कंपनी या चित्रपटावरही दावा लावण्याच्या विचारांत होती, आणि स्पीलबर्ग यांना तो आवडल्यामुळें तो बेत सोडला गेला, असें सांगतात. पुढें डान्टी यांनीं १९८४ सालीं ‘ग्रेम्लिन्स’ केला, तेव्हां त्याच्या निर्मितींत स्पीलबर्ग होते. ‘पिरान्हा’चा दुसरा भाग मात्र अगदींच गचाळ निघाला, त्यांत मासे चक्क हवेंत उडूं लागले. त्या भागावर दिग्दर्शक म्हणून जेम्स कॅमेरॉन यांचें नांव आहे. पंधरा वर्षांनीं, १९९७ सालीं, ‘टायटॅनिक’ करणारे ते हेच.

इथवर पडद्यावरची हकीकत झाली. आतां पाण्यांत उतरून पाहावें.

पिरान्हाची ही भयानक कीर्ति जगभर पसरविण्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा वांटा मोठा आहे. १९१३-१४ सालीं त्यांनीं ब्राझीलच्या अरण्यांतून प्रवास केला आणि १९१४ च्या आपल्या प्रवासवर्णनांत या माशाला जगांतल्या माशांत सर्वांत क्रूर ठरविलें. माजी राष्ट्राध्यक्षाच्या शब्दावर अविश्वास कोण दाखवील? साठ वर्षें तो शब्द पुस्तकांतून फिरला आणि मग चित्रपटांत शिरला.

वास्तविक लाल पोटाचा पिरान्हा हा वीतभर किंवा त्याहून थोडा मोठा मासा आहे. दांत वस्तऱ्यासारखे आहेत, यांत शंका नाहीं. पण त्या दांतांनीं तो लहान मासे, इतर माशांचे पर आणि खवले, मेलेलीं जनावरें, प्रसंगीं बियासुद्धां खातो. हे मासे टोळी करून राहतात ती शिकारीसाठीं, असा समज होता. ब्राझीलमध्यें झालेल्या संशोधनानें दुसरेंच चित्र पुढें आणलें. सुसरी, पाणपक्षी, नदींतले डॉल्फिन आणि मोठे मासे हे सारे पिरान्हाला खाण्यास टपलेले असतात. म्हणून तो गर्दी करतो. पडद्यावर ज्या झुंडीला पाहून प्रेक्षक थरकांपतो, ती झुंड स्वतःच भ्यालेली असते!

मग पिरान्हा माणसाला चावतच नाहीं काय? चावतो. अर्जेंटिनांतील रोझारियो येथें २०१३ च्या नाताळच्या दिवशीं पाराना नदींत पोहणारे सुमारें सत्तर लोक याच कुळांतल्या माशांच्या चाव्यांनीं जखमी झाले. परंतु अशा घटनांचें कारण शोधतां एक विलक्षण गोष्ट आढळते. ब्राझीलच्या साओ पावलो प्रांतांत नद्यांना बांध घालून जलाशय केले गेले. संथ पाणी आणि तरंगत्या वनस्पति या माशांना अंडीं घालण्यास सोईच्या झाल्या. त्याच कांठांवर लोक पोहावयास येऊं लागले. अंड्यांची राखण करणारा मासा जवळ आलेल्या माणसाला चावा घेतो, बहुधा एकदांच, आणि परत फिरतो. सांगाडा उरेपर्यंत माणूस फाडून खाणें हा पडद्याचा चमत्कार आहे. मुलांबाळांचें रक्षण हा नदींतला व्यवहार आहे. आणि नदीची ही अवस्था माणसानेंच केलेली, ही गोष्ट मात्र त्या स्वस्त चित्रपटानें अगदीं बरोबर ओळखली होती.

मराठी घरांना तर या कुळाची ओळख वेगळ्याच रूपानें झाली आहे. पिरान्हाचा एक सख्खा चुलतभाऊ पाकू या नांवाचा आहे. त्याचे दांत चपटे, माणसाच्या दाढांसारखे असतात आणि दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत तो पाण्यावर पडलेलीं फळें व बिया फोडून खातो. हाच मासा भारतांतील तळ्यांत पाळला जातो आणि महाराष्ट्राच्या बाजारांत ‘रूपचंद’ या लाडक्या नांवानें विकला जातो. तो एखाद्या नदींत गळाला लागला, कीं पिरान्हा सांपडल्याची आवई उठते. आणि आवई ऐकून हादरलेला मनुष्य घरीं येऊन त्याच रूपचंदाचें कालवण चवीनें जेवतो! कोण कोणाला खातो, या प्रश्नाचें उत्तर ताटांत वाढलेलें असतें.

शार्कची कथा इतकी विनोदी नाहीं. ज्यांना डिवचलें नव्हतें अशा शार्कांनीं माणसाला चावा घेतल्याच्या घटना साऱ्या जगांत मिळून वर्षाला सत्तरच्या आसपास घडतात. मृत्यु सरासरीनें पांच-सहा. उलट बाजूचा हिशेब पाहावा. माणसाच्या हातून वर्षाकाठीं मरणाऱ्या शार्कांची संख्या सुमारें दहा कोटी असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं मांडला. खुल्या महासागरांतील शार्क आणि पाकट यांची संख्या १९७० पासून सत्तर टक्क्यांहून अधिक घटल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें. या संहाराचें मुख्य कारण मासेमारी आहे, चित्रपट नव्हे. परंतु ज्याची भीति मनांत बसली आहे, त्याच्या मरणाबद्दल हळहळ कोणाला वाटणार? चित्रपटानें जाळें टाकलें नाहीं. जाळें टाकणाऱ्याकडे जगानें डोळेझांक करावी, एवढी सोय मात्र त्यानें करून दिली.

ही गोष्ट सर्वांत अधिक जाणवली ती मूळ कादंबरीकाराला. बेंचली यांनीं २००६ सालीं मृत्यु येईपर्यंतचीं अनेक वर्षें शार्कांच्या रक्षणासाठीं लेखन व प्रचार करण्यांत घालविलीं, आणि आतां कळलें तें पूर्वीं कळतें तर आपण तसें पुस्तक लिहिलें नसतें, असें मोकळेपणानें सांगितलें. ज्या पुस्तकानें धन आणि कीर्ति दिली, त्याच्याविरुद्ध साक्ष देण्याचें हें धैर्य सामान्य नव्हे.

तर मग हे चित्रपट पाहूंच नयेत काय? तसा निष्कर्ष काढण्याचें कारण नाहीं. काल्पनिक भयानें घटकाभर अंग शहारणें ही जुनी आणि निरुपद्रवी करमणूक आहे. मुलें ती आजीच्या कुशींत बसून घेतात, मोठीं माणसें चित्रगृहांत. भुताची गोष्ट संपली, कीं आजी दिवा मोठा करी आणि मुलांना झोपण्यापूर्वीं कोपरे दाखवी. रबरी माशांचा खेळ संपल्यावरही असाच दिवा मोठा केला पाहिजे. मग दिसेल, कीं त्या कोपऱ्यांत दबा धरून बसलेला राक्षस नाहीं; अंड्यांची राखण करणारा, स्वतःच भ्यालेला एक वीतभर मासा आहे.