गोदीकाठच्या आठवणी टिपून ठेवू या

आज लंडनच्या गोद्यांबद्दल बोलू या. खरं तर त्या गोद्या चालू असताना ज्यांनी पाहिल्या, त्या माणसांबद्दल.

तुमच्यापैकी कितीतरी जण कॅनरी वॉर्फला नोकरीला जाता. काहींची घरंही तिथेच, आयल ऑफ डॉग्जवर आहेत. काचेच्या इमारतींमधलं ते संथ पाणी म्हणजे १८०२ साली सुरू झालेली वेस्ट इंडिया गोदी. पुढे कंटेनरची मोठी जहाजं टिलबरीला लागू लागली. १९८० साली ही गोदी बंद झाली आणि १९९१ पर्यंत त्याच जागी तेव्हाची ब्रिटनमधली सर्वांत उंच इमारत उभी राहिली.

किती जहाजं आली, किती माल उतरला, याचे हिशेब दप्तरात मिळतात. पण ‘ब्रिजर’ म्हणजे काय, ते जुन्या रहिवाशालाच विचारावं लागतं. गोदीच्या तोंडाशी उघडणारे पूल होते. जहाज आत येताना पूल उघडायचा, रस्ता बंद व्हायचा, बसही थांबून राहायची. त्या खोळंब्याला तिथले लोक ब्रिजर म्हणत. कामावर उशीर झाला की ‘ब्रिजर लागला’ हे कारण तयार!

तसंच गेटवरचं. १९६७ पर्यंत गोदीतल्या बऱ्याच कामगारांना कायम नोकरी नव्हती. सकाळी गेटवर उभं राहायचं. मुकादम ज्याला निवडेल त्याला त्या दिवसाचं काम, बाकीचे घरी. नवरा रिकाम्या हाताने परत आला त्या दिवशी घरात काय शिजायचं? हे सांगणारी आजी कदाचित तुमच्याच रस्त्यावर राहत असेल. तेव्हाचा वीस वर्षांचा तरुण आज ऐंशीच्या घरात आहे. ७ सप्टेंबर १९४० ला गोद्यांवर बाँब पडले, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. म्हणून घाई करायला हवी.

मग कसं करायचं? मोबाईल पुरतो. आधी परवानगी घ्या, हे रेकॉर्डिंग कोण ऐकणार तेही सांगा. सुरुवातीला नाव, तारीख आणि जागा मोठ्याने बोला. ‘तेव्हाचं आयुष्य कसं होतं?’ असं विचारलं तर ‘बरं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: खिडकीतून काय दिसायचं? कसला वास यायचा? पगार कुणाच्या हातात जायचा? जुना फोटो समोर ठेवा. सालात चूक झाली तर मध्येच टोकू नका, ते नंतर तपासता येतं. बोलणारा थांबला तर तुम्हीही थांबा; पुढचं वाक्य बऱ्याचदा त्यानंतरच येतं. बाँबच्या आठवणीने डोळे भरले, तर रेकॉर्डिंग बंद करून चहा ठेवा. शेवटी दोन प्रती करा आणि एक त्यांच्या घरी द्या.

या पाण्याशी आपलंही नातं आहे. मुंबईहून निघालेल्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी असायचे. तेही लंडनच्या गोद्यांमध्ये उतरले. त्यांच्या तोंडून ते दिवस ऐकायची वेळ बहुतेक निघून गेली. पण तुमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांनी माझगावची गोदी पाहिली असेल, भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट पकडली असेल. त्यांनाही बसवा. मालवणीत बोलले तर मालवणीतच बोलू द्या. प्रश्न नातवंडांना विचारू द्या. त्यांना काहीच ठाऊक नसतं, म्हणून आजोबा सगळं नीट उलगडून सांगतात.

या रविवारी एकच माणूस निवडा आणि अर्धा तास ऐका. शेजारची आजी असो की घरातले आजोबा, पहिला प्रश्न मात्र खिडकीचाच विचारा.