बाभळीचा काटा आणि विज्ञानाचा हक्क



बी रुजण्यास पाणी, हवा व योग्य तापमान लागते, हे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मूल पाठ करते. ज्याच्या घरी बियाण्याची पोती आहेत, ते शेतकऱ्याचे मूलही ते पाठच करते. चार वाट्यांत चार तऱ्हांनी मटकी ठेवून कोणती रुजते ते पाहण्यास एक पैसाही खर्च येत नाही. तरीही बहुसंख्य वर्गांत हा प्रयोग फळ्यावरच होतो. कारण विचारले की, प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, अनुदान नाही, असे उत्तर मिळते.

हे उत्तर किती पोकळ आहे, हे मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्याने तीस वर्षे दाखवून दिले. १९७२ साली रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी तेथील १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कृतीतून विज्ञान शिकविण्यास प्रारंभ केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक खेड्यातील शिक्षकांच्या शेजारी बसून प्रयोग करू लागले. १९७८ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू केला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे ही जबाबदारी उचलली आणि कालांतराने तो अनेक जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोचला.

या वर्गांत मुले चार-चारांच्या टोळ्या करून काम करीत. फुलांचे भाग वेगळे करावयाचे, तर विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे नसत. कृती असत व प्रश्न असत. उत्तर निरीक्षणातून आणि वर्गातील वादातून निघावयाचे. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली वर्षाची रजा घेऊन या कामात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्यावर त्यांनी त्रिकोण, घन आणि इतर आकृत्या मुलांच्या हातांत दिल्या. स्वस्त साहित्य म्हणजे हलके विज्ञान नव्हे, हा धडा त्यातून देशभर गेला.

तथापि, या कार्यक्रमाचे मर्म साहित्यात नव्हते, व्यवस्थेत होते. शिक्षकांची निवासी शिबिरे होत. त्यांत शिक्षक स्वतः प्रत्येक प्रयोग करीत. दरमहा ते एकत्र बसून अडचणींची चर्चा करीत. परीक्षेत पुस्तक उघडून लिहिण्याची मुभा असे आणि प्रत्यक्ष प्रयोगालाही गुण असत. पाठांतराची किंमतच नाहीशी झाल्यावर ते आपोआप गळून पडले.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. या जिल्ह्यातील मुले पुढील परीक्षांत मागे पडतात, असा आक्षेप त्याआधी घेतला गेला होता. येथे पुरोगामी मंडळींनी पालकांना अज्ञानी म्हणून मोकळे होऊ नये. आपल्या अर्थव्यवस्थेत गुण हे चलन आहे. नोकऱ्या थोड्या, उमेदवार अगणित. अशा बाजारात जे चलन इतर जिल्ह्यांत चालते तेच आपल्या मुलाच्या खिशात असावे, असे गरीब बापास वाटणे स्वाभाविक होय. आठवीपर्यंत विचार करावयाचा आणि दहावीला घोकावयाचे, हा अंतर्विरोध एका जिल्ह्याने एकट्याने सुटणारा नव्हता. परीक्षेची शिडी वरपासून खालपर्यंत बदलण्याऐवजी शासनाने तिची बदललेली खालची पायरीच काढून घेतली.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो. आज निराळे काय घडते? २०१६ पासून निवडक शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. तेथील मुलांनी यंत्रे हाताळावीत, याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण निवड न झालेल्या शाळेतील मुलाने केवळ वाक्ये पाठ करावयाची काय? वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. कर्तव्य सर्वांचे आणि साधन काहींचे, ही वाटणी समाजवाद्यांस मान्य होऊ शकत नाही.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नास मोर्चाची वाट पाहू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. त्या समितीत बसून विचारावे: या महिन्यात मुलांनी स्वहस्ते कोणता प्रयोग केला? शिक्षकाला तो करून पाहण्यास वेळ आणि प्रशिक्षण मिळाले काय? की तो वेळ शाळाबाह्य कामांत गेला? आणि प्रश्नपत्रिकेत त्या प्रयोगास किती गुण होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शाळेत मिळतील. तिसऱ्यासाठी परीक्षा मंडळाशी व शासनाशी संघर्ष करावा लागेल, आणि तो एका तालुक्यापुरता ठेवून चालणार नाही.

जे मूल स्वतः पडताळून पाहिल्यावाचून वाट्यांतील मटकीबद्दलचे विधान स्वीकारत नाही, ते उद्या सावकाराचा हिशेब, बुवाचा चमत्कार आणि मंत्र्याचे आश्वासनही पडताळून पाहील. त्यासाठी लागणारा बाभळीचा काटा प्रत्येक गावाच्या बांधावर आहे.