दुधाचाच दात, पडणारच आहे!
(गेल्या गणेशोत्सवात इंदूरच्या आपल्या मंडळात दिलेले भाषण)



एकदंताच्या मांडवात दातांविषयी बोलायला मिळावं, हे आम्हा दोघा दंतवैद्यांचं भाग्य. आरतीनंतर मोदकांचं ताट फिरणार आहे, तेव्हा वेळ थोडाच घेतो.

नातवाला घेऊन येणाऱ्या आजी हमखास म्हणतात, "अहो, दुधाचाच दात. पडणारच आहे, काढून टाका!" आम्हीही घरी तसेच वागलो. आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या खालच्या शेवटच्या दाढेला कीड लागली. दिवसभर लोकांच्या मुलांचे दात पाहायचे आणि घरी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचं. एका रात्री तो रडत उठला, गाल सुजलेला. दाढ काढावी लागली. सहाव्या वर्षी तिच्या मागे आलेली कायमची दाढ पुढे सरकली आणि नव्या दाताला जागाच उरली नाही. पुढे तारा लावाव्या लागल्या. चूक आमचीच.

दुधाचे दात २०. पुढचे सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडू लागतात खरे, पण दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्यांचं कवच पातळ आणि आतला गाभा, आपण ज्याला नस म्हणतो तो, मोठा. म्हणून कीड लवकर आत पोचते.

गोड-गार लागून क्षणभर कळ येते आणि थांबते, तेव्हा नस बहुधा वाचवता येते. कीड नसेपर्यंत गेली असली, तरी वरच्या भागातला खराब गाभा काढून मुळांतला निरोगी भाग तसाच ठेवतो आणि त्यावर औषध बसवतो. ही पल्पॉटॉमी. पण काही न खाता रात्री ठणका लागतो किंवा हिरडीवर पुटकुळी येते, तेव्हा संसर्ग मुळांत उतरलेला असतो. मग मुळांच्या नळ्या साफ करून भरतो. ही पल्पेक्टॉमी. मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये भरतात तो गटापर्चा इथे चालत नाही. खालून नवा दात येताना दुधाच्या दाताची मुळं विरघळतात, त्यांच्याबरोबर भरलेलं औषधही विरघळायला हवं. दाढेवर शेवटी स्टीलची टोपी बसते. दात वाचण्यासारखा नसेलच, तर काढावा. पण जागा राखणाऱ्या तारेविषयी डॉक्टरांना जरूर विचारा.

लवंगेच्या तेलानं किंवा गोळीनं ठणका थांबतो, संसर्ग थांबत नाही. कधी नस मेली म्हणूनही दुखणं थांबतं. त्याला बरं होणं समजू नका. गाल सुजून ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात दाखवून घ्या. सराफ्यातली जिलबी खुशाल खाऊ द्या, पण घरी आल्यावर झोपेपूर्वी ब्रश तुमच्या हातानं करा. सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना तो नीट जमत नाही.

बाप्पाचं एका दातावर भागलं. आपल्या मुलांना मात्र वीसही दात हवेत, आणि तेही वेळ होईपर्यंत.

गणपती बाप्पा मोरया!