शिक्षिकेची उन्हाळी सुट्टी आणि तान्हे बाळ

महाराष्ट्रातील शाळा साधारणपणे मेच्या आरंभी बंद होऊन जूनच्या मध्यास, तर विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे जूनअखेरीस उघडतात. त्यामुळे चैत्र-वैशाखात बाळंत झालेल्या शिक्षिकेचे ओले दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. प्रसूती रजा, म्हणजे बाळंतपणासाठी मिळणारी पगारी रजा, राज्य शासनाच्या सेवेत 180 दिवसांची असून ती सलग मोजली जात असल्याने मोठी सुट्टी तिच्यातच विरून जाते, आणि हा हिशेब शिक्षिकांना खटकतो यात नवल नाही.

मात्र खरी जोखीम असते ती घरच्या रूढींत. खोलीची दारेखिडक्या लावून शेगडीचा शेक देणे, कानटोपी घालून बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळणे, या थंडीतल्या पद्धती मे महिन्यात घामोळे, म्हणजे घामाची छिद्रे बुजून उठणारे पुरळ, ओढवून घेतात. तेव्हा पातळ सुती झबले आणि खेळती हवा पुरते. पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असल्याने कडक उन्हातही बाळाला वरचे पाणी, मध वा गुटी लागत नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होणे ही दूध पुरत असल्याची खूण होय. बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची काही घरांतली चाल तर निव्वळ घातक आहे. बाळ मलूल पडले, दूध ओढेनासे झाले किंवा अंग तापले, तर आजीबाईच्या बटव्यावर विसंबून न राहता त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.