मास्तरकीची वाट आणि पुढची पायरी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिन आला की आपण विहाराला रंग देतो, पंचशील ध्वज लावतो, खीरदान करतो. ते केलंच पाहिजे. पण आज आम्ही वेगळा विषय घेतला आहे. शहापूर-मुरबाडच्या आपल्या पोरापोरींनी शिक्षक व्हायचं ते कसं, आणि झाल्यावर तिथंच थांबायचं का?

मास्तरकी आपल्याला परकी नाही. सावित्रीमाईंनी 1848 साली पुण्यात मुलींना शिकवायला घेतलं. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेब 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. जागा मानाची, पगार चांगला. तरी 1920 साली ती सोडून ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. पुढे 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली सिद्धार्थ कॉलेज उघडलं. म्हणजे बघा, स्वतः मिळवलेल्या विद्येचा त्यांनी दुसऱ्यांसाठी दरवाजा केला. पदवी भिंतीवर टांगायला नसते.

आता व्यवहाराचं बोलू. आम्ही गिरणीतली माणसं, पदवी आमच्याजवळ नाही. पण नियम वाचून घेतले आहेत, ते सांगतो.

पुष्कळ घरांत समज आहे की बी.एड. झालं की कुठलाही वर्ग मिळतो. तसं नाही. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका लागते, जिला आपण अजून डी.एड. म्हणतो. बी.एड.वाल्यांना प्राथमिकला घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिला. बी.एड. पदवीनंतर, आणि 2015 पासून तेही दोन वर्षांचं. म्हणून बारावीचा निकाल लागला की आईबापांनी पोरीला आधी विचारावं, तुला लहान पोरांना शिकवायचं की मोठ्यांना? मग फॉर्म भरावा. नुसतं शेजारच्याने भरला म्हणून भरू नये.

नुसत्या पदविकेवरही भागत नाही. 2013 पासून आपल्या राज्यात टीईटी आहे. दीडशे गुणांची परीक्षा, मागासवर्गीयांना 55 टक्के लागतात. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून निवड. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकचं त्यांचं मानधन 2023 साली सहा हजारांचं सोळा हजार झालं. लग्न ठरवताना, कर्ज काढताना हा हिशेब डोक्यात ठेवा. आणि जे आधीच नोकरीत आहेत त्यांनीही ऐकावं. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली. पुस्तक मिटलं ते मिटलं, असं मास्तरला म्हणता येत नाही.

मग दलाल येतो. "एवढे लाख द्या, संस्थेत लावून देतो." आमच्या ओळखीच्या एका घराने शेत गहाण टाकून पैसे दिले. जागा मिळाली नाही, शेतही गेलं. 2021 साली पुण्यात टीईटीचा गैरव्यवहार उघडा पडला, पुढे हजारो उमेदवारांवर कारवाई झाली. अदिन्नादाना वेरमणी आपण रोज म्हणतो. लाच देऊन घेतलेली जागा ही दुसऱ्या पोराची चोरलेली जागा आहे.

त्यापेक्षा वर चढा. शहापूरला सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यात शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. तिथून पदवी घ्या, मग एम.ए., एम.एस्सी. करा. त्याला बी.एड.ची जोड असेल तर ज्युनिअर कॉलेज, सेट-नेट असेल तर सीनिअर कॉलेज. एम.एड. करून नेट दिलं तर उद्याचे शिक्षक घडवणाऱ्या बी.एड. कॉलेजात जाता येतं. नोकरी धरून शिकणाऱ्यांना नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. भारत सरकार शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांना स्वाधार योजना आहे, पीएच.डी.ला बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. पण जातपडताळणीचा कागद बारावीतच काढून ठेवा. हुशार पोरं तिथंच अडतात.

आणखी एक. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथल्या शाळांत आदिवासी बांधवांचे शिक्षक यावेत हा त्यांचा हक्क आहे. आपण त्यावर नाराज होऊ नये. राज्यातले सगळे जिल्हे बघून अर्ज भरावा आणि लांब जायची तयारी ठेवावी. पोरगी आहे म्हणून लांब नको, हे तर बोलूच नका.

मास्तराच्या हातात काय असतं ते मुरबाडच्या फांगणे गावात बघा. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. आयुष्यभर अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत आल्या आणि सही करायला शिकल्या. त्यासाठी कोणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. गावाची खंत एका मास्तराने ऐकली, एवढंच.

आमची कमिटीला सूचना आहे. विहाराची मागची खोली अभ्यासिका करावी. टीईटी, सेटची पुस्तकं वर्गणीतून घ्यावीत. नोकरीला लागलेल्यांनी रविवारी दोन तास धाकट्यांना द्यावेत. आणि फॉर्मच्या तारखा वंदनेनंतर वाचून दाखवाव्यात. खर्च मंडपापेक्षा कमीच येईल.

पुढच्या वर्धापनदिनी या जागेवर आपल्याच वस्तीतली एखादी शिक्षिका बोलायला उभी राहावी, आणि आम्ही समोर बसून ऐकावं, एवढी इच्छा व्यक्त करून थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!