तळे राखणाऱ्यांचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या मंडळात दरवर्षी जमाखर्च वाचून दाखवण्याची चाल आहे. समजा, मंडळाच्या मसाल्यासाठी मिरच्या घ्यायच्या आहेत आणि खरेदी ठरवणाऱ्या बाईंच्या दिरांचेच मिरच्यांचे दुकान आहे. बाई कितीही सचोटीच्या असोत, 'दुकान आमच्या घरचे आहे' हे त्यांनी आधी सांगावे आणि भाव ठरताना बाजूला बसावे, असेच आपण म्हणू. यात अविश्वास नाही. त्यांच्यावर किटाळ येऊ नये म्हणूनच ही रीत.

देशाचा कारभार पाहणाऱ्यांना हीच रीत नको का? 'तळे राखील तो पाणी चाखील' असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण आयात तेलावरची जकात बदलली किंवा कांद्याची निर्यात थांबली, की त्याची झळ थेट शेतकऱ्याच्या खळ्यात नाही तर आपल्या स्वयंपाकघरात पोचते. असा निर्णय घेणाऱ्याचाच त्या मालाचा व्यापार असेल, तर निर्णय देशासाठी झाला की दुकानासाठी, हे ओळखावे कसे?

अमेरिकेचे उदाहरण घ्या. जिमी कार्टर यांच्या घरचा भुईमुगाचा व्यापार होता आणि तिथे भुईमुगाला सरकारचा आधारभाव होता. १९७७ साली अध्यक्ष होताच त्यांनी धंदा विश्वस्ताच्या हाती दिला. १९८१ साली ते परतले, तेव्हा धंद्यावर सुमारे दहा लाख डॉलरचे कर्ज होते. पुढच्यांना मात्र ही वाट बंधनकारक नाही. १९७८ च्या कायद्याने तिथल्या अध्यक्षांना आपली मिळकत जाहीर करावी लागते, धंदा सोडावा लागत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निकाल दिला, की उमेदवाराने आपली, आपल्या पत्नीची किंवा पतीची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता व कर्जे शपथेवर सांगावीत. २०१८ साली 'हे उत्पन्न येते कुठून' तेही सांगण्याची भर पडली. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. तिच्याप्रमाणे मंत्र्याने धंद्याची व्यवस्था सोडावी. ती सज्ञान नातेवाइकाकडे देता येते, पण पत्नीकडे किंवा पतीकडे नाही. कारण उघड आहे; चूल एकच! मात्र ही संहिता म्हणजे कायदा नव्हे. केंद्रातल्या मंत्र्यांनी ती पाळली की नाही, हे पाहणे पंतप्रधानांकडेच असते.

भगिनींनो, या सगळ्यात पत्नीचे नाव पुनःपुन्हा येते, हे तुमच्या ध्यानात आले असेल. जमीन, दुकान, शेअर घरधनिणीच्या नावे आणि तिला त्याची वार्ताही नाही, अशी घरे मोठ्यांचीच असतात असे नाही. 'इथे सही कर' म्हटले की आपण करतो. पुढे जबाब द्यायची वेळ आली, तर तो त्या सहीलाच द्यावा लागतो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि मत देण्यापूर्वी उमेदवाराचे शपथपत्र वाचा. निवडणूक आयोग ते सर्वांसाठी खुले ठेवतो. घरातली शाळकरी नातही ते मोबाइलवर काढून देईल. मिरचीचा हिशेब मागणाऱ्या आपण, देशाचा हिशेब मागायला का लाजावे?