मुक्काम कुणाकडे?

(पूरग्रस्त भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



या सत्रासाठी मला विषय विचारला तेव्हा मी 'मुक्काम' असे सांगितले. फोनवरची मैत्रीण हसली. म्हणाली, "अगं, राहायची सोय आम्ही केलीय. तू विषय सांग." मी म्हटले, "हाच विषय आहे."

पूर आला की आपण निघतो. त्याआधी गटाची बैठक होते. किती जणी जाणार, सामान काय न्यायचे, पाहणीचा फॉर्म कसा असावा, यावर दोन-दोन तास चर्चा चालते. राहायचे कुठे, हे मात्र उठता उठता शेवटच्या पाच मिनिटांत ठरते. कुणाच्या तरी ओळखीचे कुणी असते, फोन होतो, 'झाली सोय' म्हणून आपण पिशव्या भरतो. मला आज एवढेच सांगायचे आहे की ही पाच मिनिटे फार महागात पडतात. आपण कुणाच्या घरी उतरतो यावर कोण आपल्याशी बोलणार आणि कोण गप्प बसणार हे ठरते. आपल्या जेवणाचा, पाण्याचा, संडासाचा भार कुठल्या बाईवर पडणार, हेही तिथेच ठरते. आमच्या गटाने या दोन्ही बाबतींत चुका केल्या. त्या तुम्हाला सांगते.

२०२१ चा जुलै तुम्हाला आठवत असेल. २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. तिकडे सावित्रीच्या उगमाशी, महाबळेश्वरला, चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि खाली महाड बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. चिपळूण आणि महाडने २००५ चा २६ जुलैही पाहिला होता. त्यामुळे 'असं पाणी पुन्हा येणार नाही' ही समजूत तिथे कुणाचीच नव्हती. पण या वेळी कोरोनाचा काळ होता, रोजगार आधीच बसला होता, आणि किनाऱ्याकडच्या गावांनी वर्षभरात निसर्ग आणि तौक्ते ही दोन वादळेही सोसली होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही पाच जणी चिपळूणजवळच्या खाडीकाठच्या एका गावी गेलो. रस्त्याच्या कडेला गाद्यांचे ढीग, मिक्सरमध्ये चिखल, शिलाई मशीनच्या चाकात चिखल. ओल्या कापडाचा वास नाकातून जात नव्हता. आमची सोय गावातल्या एका मोठ्या घरी झाली होती. घर उंचावर, पाणी त्यांच्या पायरीपर्यंतही आले नव्हते. माणसे चांगली होती, हे मुद्दाम सांगते. पुराच्या रात्री त्यांनी कितीतरी लोकांना आसरा दिला होता. वहिनी आणि त्यांची सून सकाळी पाचला उठून आमच्यासाठी घावन करायच्या. आम्ही खूष.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पडवीत बायकांची बैठक घेतली. चाळीसेक बायका आल्या. आम्ही विचारले, मदत मिळाली का? "मिळाली." पंचनामा झाला का? "झाला." काही अडचण? "नाही ताई, सगळं नीट आहे." बौद्धवाडीतल्या सहा-सात जणी आल्या होत्या, पण त्या अंगणातच उभ्या राहिल्या. "वर या ना," असे आम्ही दोनदा म्हटले. त्या हसल्या, आल्या नाहीत. मोहल्ल्यातून कुणीच आले नाही. आम्ही फॉर्म भरले आणि वहीत लिहिले, 'मदतवाटप समाधानकारक'.

निघायच्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर एक बाई जवळ येऊन उभी राहिली. अंगणात उभ्या असलेल्यांपैकीच ती एक. नवऱ्याने टाकलेली, दोन मुले, भाड्याची खोली. खोलीत छपरापर्यंत पाणी होते. सरकारने भांडी-कपड्यांसाठी कुटुंबामागे दहा हजारांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले होते. पण पंचनाम्यात नाव घरमालकाचे लागले. ही राहते त्याचा कागद नाही, आणि रेशनकार्ड अजून सासरच्या नावात. मी म्हटले, "बाई, परवा बैठकीत का नाही बोललात?" तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. म्हणाली, "यादी त्याच पडवीत बसून केली, ताई. तुम्ही उतरलात त्यांच्या घरी. तिथं मी काय बोलू?"

एस.टी. आली आणि आम्ही चढलो. मी खिडकीतून तिला म्हटले, "अर्ज करू." अर्ज केलाही, पण तोवर गावचे पंचनामे पुरे होऊन याद्या वर गेल्या होत्या. शेवटी तिला आम्ही वर्गणीतून भांडी घेऊन दिली. तिच्या हक्काचे जे होते ते मात्र तिला मिळाले नाही. पहिल्याच दिवशी ती आमच्याशी बोलली असती तर कदाचित मिळाले असते. ती बोलली नाही याचे कारण तिचे भिडस्तपण नव्हते. आमचा मुक्काम हे त्याचे कारण होते.

यावर आमच्या गटात खूप चर्चा झाली. मोठ्या घरी उतरायचे नाही, असा ठरावच केला. त्याच वर्षी डिसेंबरात बचत गटाच्या हिशेबाचे प्रशिक्षण घ्यायला आम्ही तिघी पुन्हा गेलो, तेव्हा वाडीतल्याच एका काकूंच्या घरी राहिलो. त्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. आम्ही मनातून स्वतःवर खूष होतो. आता आपण खरे लोकांत राहतोय! त्यात एस.टी.चा संप चालू होता, वडाप मिळेना, दोन दिवसांचा मुक्काम चार दिवसांवर गेला. काकू म्हणायच्या, "राहा गो बायांनो, घाई काय?" रोज ताटात मासे. अंगावर नवी चादर.

चौथ्या दिवशी गटाची नोंदवही तपासताना आमच्या सहकारी मैत्रिणीला एक नोंद दिसली. काकूंच्या नावे कर्ज, रुपये पाचशे. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'पाहुणे'.

मग बाकीचे एकेक कळत गेले. चादर शेजारणीची. विहीर पुरानंतर उपसून, टी.सी.एल. टाकून साफ केली होती, तरी काकू आमच्यासाठी प्यायचे पाणी वरच्या आळीतून आणत होत्या, रोज दोन खेपा जास्त. संडासाची टाकी गाळाने भरलेली, म्हणून आम्ही वापरला की काकू मागून बादल्या ओतायच्या. आणि नववीतली त्यांची मुलगी, जिची शाळा कोरोनानंतर नुकती कुठे उघडली होती, ती चारही दिवस घरीच होती. आईच्या हाताखाली. आम्हाला वाटले, सुट्टी असेल. आम्ही विचारलेही नव्हते.

मी निघताना काकूंच्या हातात पैसे ठेवायला गेले तर त्या रागावल्या. "पाहुण्यांकडनं पैसे घेतात काय? तुमच्याकडे घेतात?" मला उत्तर सुचले नाही. खरे तर तो अपमान मीच केला होता. आल्या दिवशी बोलायची गोष्ट मी जायच्या दिवशी काढली.

म्हणजे एकीकडे मोठ्या घरात राहिलो तर बायकांची तोंडे बंद होतात, आणि बुडालेल्या घरात राहिलो तर त्या घरातल्या बाईवर आपला बोजा पडतो. मग करायचे काय? हमरस्त्यावरच्या लॉजवर राहायचे? तोही पर्याय आहे, आणि वाईट नाही. पुरानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, वीज नाही, पाणी नाही, लेप्टोची साथ आहे, अशा वेळी गावावर आपल्या पोटाचा भार टाकूच नये असे माझे मत आहे. पण लॉजवाली पाच वाजता निघून जाते. बायका बोलतात त्या रात्री, भांडी घासून झाल्यावर. शाळेत राहायचे तर शाळा रिकामी हवी. आपण वर्गात पथाऱ्या पसरल्या म्हणून मुलांची शाळा आणखी आठवडाभर लांबली, असे होता कामा नये. समाजमंदिरात राहायचे तर ते कुठल्या समाजाचे, हे आधी विचारायला हवे.

सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर माझ्याकडे नाही. पण आम्ही आता निघण्यापूर्वी काही प्रश्न विचारतो, ते सांगते.

पहिला, या जागेची पायरी गावातल्या कुठल्या बायका चढणार नाहीत? कोकणातले गाव वाड्या-वाड्यांचे असते. त्यामुळे आम्ही बैठक एका जागी आणि मुक्काम दुसऱ्या जागी ठेवतो, प्रत्येक वाडीत वेगळी बैठक घेतो. जमले तर गटाचे दोन भाग करून दोन वाड्यांत राहतो.

दुसरा, स्वयंपाक कोण करणार आणि पैसे कुणाच्या हातात जाणार? याचे उत्तर आम्हाला बायकांनीच काढून दिले. पुढच्या खेपेला आम्ही तो विषय बचत गटाच्या सभेत ठेवला. बरीच घासाघीस होऊन ताटाचा दर ठरला. पाळीपाळीने दोघी-दोघी रांधणार, पैसे त्यांचे. तांदूळ, डाळ, तेल आम्ही नेणार. काकूंनीही आपल्या पाळीचे पैसे घेतले. पाहुणचाराचे घ्यायचे नसतात, पण कामाचे घ्यायला त्यांची हरकत नव्हती.

तिसरा, पाणी कुठून येते, संडास चालू आहे का, न्हाणीला कडी आहे का? पाळीची कापडे कुठे वाळवायची? हे प्रश्न विचारायला लाजू नका. जिथे आपली अडचण होते, तिथे गावातल्या मुलीची रोज होते. तीही नोंद वहीत यायला हवी.

चौथा, ही जागा सुरक्षित आहे का? यासाठी म्हाताऱ्या बायकांना विचारा. २००५ ला पाणी कुठवर आले, २०२१ ला कुठवर, मागच्या डोंगराला भेग आहे का, विहिरीचे पाणी कधी एकदम गढूळ झाले का. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या एकदाच्या. ती समजून घ्या, कारण पुढे त्याच रेषेवरून घरदुरुस्तीचे आणि बांधकाम परवानगीचे प्रश्न उभे राहतात. आणि आपल्या कार्यकर्त्यांची सुरक्षितताही यातच आली. रात्री घरात कोण पुरुष आहे, दारू आहे का, अडले तर जायचे कुठे, हे पहिल्या संध्याकाळीच बघून ठेवायचे. त्यात संकोच नको.

आणि पाचवा प्रश्न, जरा वेगळा. पूर ओसरल्यावर वर्ष-दोन वर्षांनी आपल्यापैकी कितीतरी जणी कोकणात शिबिराला, सहलीला जातात. तेव्हा मुक्कामाचा हाच विचार करतो का आपण? घरगुती खानावळ, निवासाची सोय अशा पाट्या पुष्कळ असतात. राबते बाई, आणि खाते असते नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. बचत गटाच्या बायका जिथे स्वतःच्या नावावर हे काम करतात तिथे उतरलो, तर आपले चार पैसे नेमक्या हातात पडतील. मदतीच्या पाकिटापेक्षा बायकांना ते जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

आता जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास आहे. प्रत्येकीने आपल्या शेवटच्या पाहणीच्या वेळचा मुक्काम आठवावा. घर कुणाचे होते, पाणी कुणी भरले, कोण बोलायला आले, आणि कोण अंगणात उभे राहिले. पाच-पाच जणींच्या गटात बसून हे एकमेकींना सांगा, आणि एका कागदावर लिहून माझ्याकडे द्या. आमच्या पाच प्रश्नांत तुमचे आणखी प्रश्न पडले, तर येत्या पावसाळ्याच्या आधी आपण त्याचा एक तक्ता करू आणि पाहणीच्या फॉर्मला पहिले पान म्हणून जोडू.